हिमनदीच्या गढूळ पाण्यासाठी तुरटीचा खडा

हिमाचलमधील लाहौलच्या खोऱ्यात चंद्रा नदीच्या काठी तंबू ठोकल्यावर पाणी भरपूर मिळते. पण हिमनदीने दळलेल्या खडकाच्या बारीक पिठामुळे ते राखाडी असते आणि सोबतचा फिल्टर लवकर तुंबतो. यावर घरातला तुरटीचा खडा उत्तम उपयोगी पडतो.

१. दुपारी बर्फ वितळून पाणी चढते आणि गाळही वाढतो, म्हणून शक्यतो पहाटे, प्रवाह सर्वांत कमी असताना पाणी भरावे.
२. पातेल्यातील पाण्यात तुरटी चार-पाच वेळा फिरवून लगेच काढून घ्यावी, कारण जास्त फिरवल्यास पाणी तुरट लागते.
३. पातेले अर्धा-पाऊण तास अजिबात न हलवता झाकून ठेवावे आणि मग वरचे निवळलेले पाणी वाटीने अलगद काढून घ्यावे. घाईने पातेले कलते केल्यास तळाचा गाळ पुन्हा वर येतो.

तुरटीने पाणी निवळते, पण जंतू मरत नाहीत. त्यामुळे ते उकळणे आवश्यकच आहे. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळत असल्याने, २००० मीटरच्या वर खळखळून उकळी फुटल्यानंतर पूर्ण ३ मिनिटे आच चालू ठेवावी.