कम्युनिटी फाउंडेशनचा पैसा वस्तीपर्यंत कसा पोचवायचा

कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे एका शहरातल्या लहानमोठ्या दात्यांचा पैसा एका छत्राखाली आणून त्याच शहरातल्या संस्थांना देणारी संस्था. पहिली १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला फ्रेडरिक गॉफ या बँकरने उभारली. मुंबईत १९९१ पासून बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट हे काम करतो. पैसा गोळा करणं कष्टाचं आहे, पण घोडं अडतं ते वाटपात. अर्ज मागवले की ज्यांच्याकडे इंग्रजी प्रस्ताव लिहिणारा माणूस आहे त्याच पाच-सहा संस्था दरवर्षी निवडल्या जातात, आणि नाल्याकाठच्या वस्तीत पंधरा वर्षं अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळाला अर्जांची फेरी कधी झाली याचा पत्ताही नसतो. वर्षाला साधारण १० लाख रुपये वाटणाऱ्या फाउंडेशनने हे कसं टाळावं, ते पुढे दिलं आहे.

आधी हिशेब. कायम निधीच्या, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वाटण्याच्या, मोहात पहिल्याच वर्षी पडू नका. ७ टक्के व्याज धरलं तर ५० लाखांच्या ठेवीतून वर्षाला साडेतीन लाख मिळतात. १० लाख वाटायचे तर १ कोटी ४३ लाखांच्या आसपास ठेव लागेल. तोवर ज्या वर्षी पैसा आला त्याच वर्षी तो वाटावा हे बरं. एखाद्या दात्याला रक्कम कायम निधीतच हवी असेल तर तसं त्याचं लेखी पत्र घ्या. तोंडी सांगणं ऑडिटमध्ये टिकत नाही. दुसरी गोष्ट करसवलतीची. विश्वस्त संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग धर्मादाय कामावर खर्च करावा लागतो, पण दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीचा ८५ टक्केच भाग खर्च म्हणून धरला जातो. म्हणजे उत्पन्न १० लाख असेल आणि तुम्ही साडेआठ लाख अनुदान दिलंत, तर हिशेबात सव्वासात लाखच येतात. कार्यालयावर एक लाख खर्च केलात (तो पूर्ण धरला जातो) तर अनुदान किमान ८ लाख ८३ हजार तरी जायला हवं. हे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लक्षात आलं की घाईघाईत ओळखीच्याच संस्थेला चेक जातो. परदेशी देणगीचं खातं वेगळंच ठेवा: २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा (परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला) पैसा दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही, मग तिच्याकडे एफसीआरए नोंदणी असली तरी.

वेळापत्रक शाळेला जुळवा. शाळा जूनमध्ये उघडतात. म्हणून डिसेंबरात अर्ज, फेब्रुवारीत भेटी, मार्चमध्ये निर्णय आणि मेअखेर पहिला हप्ता. सप्टेंबरात ठरलेलं अनुदान दिवाळीनंतर हातात पडतं, तोवर वर्ष निम्मं गेलेलं असतं.

अर्ज दोन टप्प्यांत घ्या. पहिला एका पानाचा, मराठीत. वस्ती तशी असेल तर हिंदी-उर्दूतही. काम काय, कुठे, किती वर्षं, किती पैसे हवेत, एवढंच विचारा. लिहिणं जमत नसेल त्यांच्याकडून पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज घ्या आणि तुमच्या माणसाने तो कागदावर उतरवावा. जाहिरात संकेतस्थळावर टाकून भागत नाही. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, बचत गटांच्या बैठका, रेशन दुकान इथे ती पोचली पाहिजे. मागच्या तीन वर्षांत ज्या प्रभागातून एकही अर्ज आला नाही त्यांची यादी भिंतीवर लावा आणि आधी तिथे जा. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग तळाला होता. आपल्या शहरातला असा भाग कोणता, हे अर्जांच्या गठ्ठ्यावरून कळत नाही. निकषही स्पष्ट लिहा: वार्षिक खर्च २५ लाखांच्या आत, आणि निम्मे तरी पदाधिकारी किंवा कार्यकर्ते त्याच भागात राहणारे.

कागदपत्रं दुसऱ्या टप्प्यातच, निवडलेल्या पंधरा-वीस जणांकडूनच मागा: घटना किंवा ट्रस्ट डीड, पीटीआर उतारा (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदवहीचा), पॅन, १२ए (संस्थेची करसवलत) आणि ८०जी (दात्याची करसवलत) यांची प्रमाणपत्रं, तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, रद्द केलेला चेक. इथे दोन ठिकाणी लहान संस्था हमखास अडकतात. पहिलं म्हणजे बदल अर्ज. विश्वस्त वारले, नवे आले, पण धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत अर्ज गेला नाही किंवा गेला आणि प्रलंबित पडला. त्यामुळे उताऱ्यावर अजून जुनीच नावं. एवढ्यावर संस्था बाद करू नका. दाखल अर्जाची पोच आणि सभेचा ठराव घ्या, बँकेत सह्या कोणाच्या चालतात ते तपासा. दुसरं म्हणजे १२एची मुदत. जुन्या संस्थांना फेरनोंदणीत पाच वर्षं मिळाली आणि बहुतेकांची ती मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतचीच होती. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे क्रमांकही बदलतात. म्हणून प्रमाणपत्रावरची तारीख वाचा, ‘आमच्याकडे १२ए आहे’ यावर थांबू नका. अशा संस्थांना एकदा चार्टर्ड अकाउंटंटसमोर बसवण्याचा खर्च फाउंडेशननेच केला तर एका अनुदानाइतकं काम होतं.

भेटीला दोघांनी जावं, त्यातला एक वस्तीतला. कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका. हारतुरे आणि भाषणांत काम दिसत नाही. साध्या मंगळवारी संध्याकाळी जाऊन हजेरीपट, कॅशबुक आणि व्हाउचर बघा, मुलांच्या आयांशी बोला. निवड समितीत ज्याचा एखाद्या संस्थेशी संबंध आहे त्याने तो आधी सांगावा आणि त्या चर्चेपुरतं बाहेर जावं. इतिवृत्तात त्याची नोंद हवी.

रक्कम ठरवताना सगळ्यात मोठी चूक होते. एका अभ्यासिकेचा महिन्याचा खर्च असा धरा: दोन ताया (शिकवणाऱ्या कार्यकर्त्या) प्रत्येकी ८ हजार, भाडं ५ हजार, वीज ८००, हिशेबनीस १,५००, वह्या-खडू १ हजार. एकूण २४,३००, वर्षाला २ लाख ९१ हजार ६००. देणगीदाराला फोटोत दिसणाऱ्या वह्या-पुस्तकांवर द्यायला आवडतं, म्हणजे महिन्याच्या १ हजारावर. उरलेले २३,३०० कुठून येणार, हे कोणी विचारत नाही. मग ताया दोन महिन्यांत सोडून जातात आणि अहवालात ‘संस्थेची क्षमता कमी’ असा शेरा पडतो. त्यामुळे मानधन, भाडं, ऑडिट फी या खर्चांना मनाई करणारी अट काढून टाका आणि अनुदानातला चौथा भाग तरी कोणत्याही कामाला वापरायला मोकळा ठेवा. दहा जणांना एकेक लाख देण्यापेक्षा चौघांना प्रत्येकी वर्षाला सव्वादोन लाख, दोन वर्षांसाठी देणं बरं. उरलेल्या एका लाखातून कागदपत्रांची मदत आणि पावसाळ्यातली तातडीची गरज भागते.

हप्ते ७० आणि ३० टक्के ठेवा. खर्च आधी करा, बिलं दाखवा, मग पैसे, ही पद्धत ज्यांच्या खात्यात शिल्लक असते त्यांनाच परवडते. बाकीचे कोणाचे तरी दागिने गहाण ठेवतात. करारनामा ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, दोन पानी, मराठीत. सहामाही अहवालही दोन पानांचा पुरे. वर्षाअखेर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला.

नोंदणी नसलेल्या गटाचं काय? मंडळ किंवा बचत गट चांगलं काम करतो, पण नोंदणी नाही, अशा वेळी तो फाउंडेशनचाच उपक्रम म्हणून चालवा. बिलं फाउंडेशनच्या नावाने, भाडं थेट घरमालकाच्या खात्यात, मानधन थेट कार्यकर्तीच्या खात्यात. टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कुठे लागतो ते अकाउंटंटला आधी विचारा. गटाला एकरकमी रोख देऊ नका. पुढे भांडण झालं तर पैसा कोणाचा हे सांगता येत नाही.

दात्यांच्या बाजूला दोनच गोष्टी पाठ ठेवा: २ हजारांवरच्या रोख देणगीला ८०जी सवलत मिळत नाही, आणि देणग्यांचं वार्षिक विवरण (जुन्या आयकर कायद्यात फॉर्म १०बीडी) ३१ मेपर्यंत भरावं लागतं; चुकलं तर दिवसाला २०० रुपये शुल्क. पॅन न घेता पावती फाडली की मे महिन्यात फोन करत बसावं लागतं, म्हणून पावतीपुस्तकातच पॅनचा रकाना छापून घ्या.