लवळ्याच्या डोंगरावर गोल्फ खेळायला निघालात?

पुण्याजवळ लवळ्याच्या डोंगरावर ऑक्सफर्ड गोल्फ कोर्सला पहिल्यांदाच जाणार असाल तर आधी फोन करा. कोर्स सभासदांचा आहे, बाहेरच्यांना ग्रीन फी भरून खेळता येतं, पण सुट्टीच्या दिवशी सकाळची वेळ मिळेलच असं धरून चालू नका. आठवड्याच्या मधल्या वारी पहिली वेळ मागा. ऊन कमी लागतं आणि मागून कुणी घाई करत नाही.

कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा आणि वाट सांगणारा मदतनीस, घ्याच. पैसे वाचवायचेच असतील तर नंतरच्या नाश्त्यात वाचवा.

आता खेळाचं. बॅगेत 14 क्लब (बॉल मारायच्या काठ्या) चालतात, पण डोंगरावर ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबला, फार काम नसतं. लांब मारून उतारावर अडकण्यापेक्षा वीस यार्ड मागे, सपाटीवर थांबलेला बॉल बरा. ग्रीन (होलभोवतीचा बारीक गवताचा पट्टा) वर असेल तर साधारण दर दहा मीटर चढाला एक मोठा क्लब घ्या. सातच्या जागी सहा आयर्न; या लोखंडी क्लबचा आकडा लहान तितका बॉल लांब जातो. ग्रीन खाली असेल तर उलट. पण खाली मारताना बॉल जास्त वेळ हवेत राहतो, म्हणून वाऱ्याकडं लक्ष द्या. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, झाडांच्या आडोशाला वारा लागत नाही, दरीवर गेल्यावर तो बॉलला धरतो.

खरी परीक्षा उभं राहण्यात आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी सांगते. बॉल पायांहून वर असेल तर तो डावीकडं वळतो. क्लब दोन बोटं खाली धरा आणि नेम जरा उजवीकडं ठेवा. पायांहून खाली असेल तर नेम डावीकडं. हा दुसरा शॉट मला सगळ्यात अवघड वाटतो. गुडघे वाकवून बसल्यासारखं उभं राहायचं आणि मारून होईपर्यंत उठायचं नाही. माणूस नकळत उठतोच, मग क्लब बॉलच्या माथ्याला लागून (टॉप होऊन) तो चार हात सरपटतो. ग्रीनकडं चढ असो की उतार, खांदे जमिनीला समांतर ठेवा, डोंगराशी भांडू नका. आणि अर्धाच स्विंग घ्या; तोल गेला की सगळं गेलं.

ग्रीनचा कल लांबूनच, चढत येतानाच बघून घ्या. जवळ गेल्यावर डोळे फसतात. मी एकदा होलच्या डाव्या कडेवर नेम धरून उभी होते, तर कॅडीदादा बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, तुमचं लक्ष होलकडं, बॉलचं दरीकडं." दोन हात वर नेम धरायला लावला, आणि बॉल वळून होलपाशी आला. उताराचा पट (ग्रीनवर बॉल होलकडं लोटायचा फटका) असेल तर झेंडा काढायला सांगू नका. 2019 पासून तो होलमध्ये ठेवूनच पट मारता येतो, आणि जोरात गेलेला बॉल कधीकधी काठीला लागून थांबतो.

पावसाळ्यात बॉल पडतो तिथंच रुततो. बंकर (वाळूचा खड्डा) आणि पेनल्टी एरिया (पाण्यासारखी दंडाची जागा) सोडून इतरत्र तो स्वतःच्याच खड्ड्यात रुतला असेल तर फुकट ड्रॉप, म्हणजे दंडाविना बॉल उचलून जवळच टाकायला, मिळतो, तो हक्काने घ्या. धुकं उतरलं आणि पुढचे लोक दिसेनासे झाले तर थांबा. उन्हाळ्यात जमीन कडक. बॉल ग्रीनच्या अलीकडं, वरच्या अंगाला टाका, बाकीचं उतार बघून घेईल. बगी (कोर्सवरची छोटी गाडी) उतारावर उभी करताना ब्रेक पुरता दाबला का ते बघूनच खाली उतरा.

बॉल रफमध्ये (वाढलेल्या गवतात) हरवल्याची शंका आली तर आधी मारला त्याच जागेवरून 'प्रोव्हिजनल', म्हणजे तात्पुरता बॉल, म्हणून सांगून दुसरा मारा. शोधायला 3 मिनिटंच मिळतात. गवतात हात मात्र घालू नका, क्लबने चाळवा. आपल्या डोंगरांत घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत. खिशात चार जुने बॉल ठेवा. नवे कोरे, महागडे बॉल दरीकाठच्या होलवर काढू नका.