शाळेच्या जेवणाचा प्रश्न आमदार-खासदारांपुढे कसा मांडावा: इंदूर जिल्ह्यातल्या नव्या सहकाऱ्यांसाठी

शाळेच्या जेवणाचं (पीएम पोषण, म्हणजे पूर्वीच्या मध्यान्ह भोजन योजनेचं) काम नव्यानं हाती घेणाऱ्याला, मग त्या स्व-सहायता समूहाच्या (बचत गटाच्या) ताई असोत, रसोइया (शाळेत स्वयंपाक करणाऱ्या) असोत की आहारतज्ज्ञ, एक गोष्ट लवकरच कळते. अडचण चुलीपाशी दिसते, पण तिचा निर्णय भोपाळला किंवा दिल्लीला झालेला असतो. म्हणून लोकप्रतिनिधींपर्यंत जाणं हाही या कामाचाच भाग. तिथे जाऊन नुसतं "जरा लक्ष घाला" म्हटल्यानं काही हलत नाही. मागणी ज्याच्या हातात आहे त्याच्याकडेच न्यायची, आणि सोबत आपल्या चुलीचा हिशेब न्यायचा.

आधी कोणाच्या हातात काय आहे ते बघा. धान्य केंद्राचं: पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांच्यासाठीचा साहित्य खर्च १ मे २०२५ पासून मुलामागे रोज प्राथमिकला ६.७८ रुपये आणि माध्यमिक शाळेला (मध्य प्रदेशात सहावी ते आठवी) १०.१७ रुपये असा ठरला. त्यातले ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. हा किमान दर आहे. राज्याला स्वतःच्या तिजोरीतून त्यावर भर घालता येते, आणि ही गोष्ट पुष्कळ आमदारांनाही ठाऊक नसते. मानधनाचंही तसंच. केंद्राच्या हिशेबात रसोइयाचे महिन्याला १,००० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने, आणि हा आकडा २००९ पासून जागचा हललेला नाही. त्यावर मिळतं ते राज्याचं. तेव्हा मूळ १,००० वाढवण्याची मागणी खासदारांकडे न्या, राज्याची भर वाढवण्याची आमदारांकडे. दोन्ही एकाच अर्जात लिहिल्या, की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

थकलेलं मानधन किंवा अडकलेला साहित्य खर्च ही धोरणाची बाब नाही, अंमलबजावणीची आहे. तिचा रस्ता जिल्हा पंचायतीतून जातो. स्वयंपाकघराची शेड, ओटा, पाण्याची टाकी यांसाठी खासदार किंवा आमदार निधी मागता येतो, पण त्या निधीतून टिकाऊ कामंच होतात. मानधन किंवा भाजीचा खर्च त्यातून निघत नाही, तो मागून स्वतःची भेट वाया घालवू नका.

खातं चुकणं ही नव्या लोकांची नेहमीची अडचण. मध्य प्रदेशात ही योजना शालेय शिक्षण विभाग चालवत नाही. ती पंचायत व ग्रामीण विकास विभागाकडे आहे. निवेदन शिक्षणमंत्र्यांच्या नावानं गेलं, तर ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरतं आणि अधिवेशन उलटून जातं.

मतदारसंघही तपासून घ्या. इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या नऊ जागा आहेत: इंदूर एक ते पाच, राऊ, सांवेर, देपालपूर आणि महू. पैकी महू लोकसभेसाठी धार मतदारसंघात मोडतं. त्यामुळे मानपूरकडच्या शाळेचा जिल्हा इंदूर असला, तरी तिचे खासदार धारचे. इंदूरच्या खासदारांना दिलेलं तिथलं पत्र फार तर पुढे पाठवलं जाईल.

आता हिशेब. यात सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण एवढीच एक गोष्ट आपल्याकडे आहे जी मंत्रालयातल्या कोणाकडेही नाही. समजा प्राथमिक शाळेत रोजची हजेरी ८० आहे. दिवसाला ८० गुणिले ६.७८, म्हणजे ५४२ रुपये ४० पैसे. मानकाप्रमाणे मुलामागे डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. म्हणजे डाळ १ किलो ६०० ग्रॅम, भाजी ४ किलो, तेल ४०० ग्रॅम. उदाहरणापुरते भाव धरू: डाळ १२० रुपये, भाजी ४० रुपये, तेल १५० रुपये किलो. डाळीचे १९२, भाजीचे १६०, तेलाचे ६०, मिळून ४१२. उरलेल्या १३० रुपयांत गॅस, मीठ, मसाला आणि दळण. ओढाताण होते, पण दिवस निघतो. मंगळवारी खीर-पुरी असते. मुलामागे १०० मिलीच दूध धरलं तरी ८ लिटर, लिटरला ६० रुपये म्हटले तरी ४८० रुपये. पुऱ्या तळायचं तेल, साखर, भाजी आणि गॅस हे सगळं मग ६२ रुपये ४० पैशांत बसवायचं. खीर पातळ का होते, याचं उत्तर या एका ओळीत आहे, आणि ते रसोइयाच्या हातात नाही. आमदारांपुढे हीच ओळ ठेवा.

भाव मात्र आपल्या दुकानदाराच्या बिलातले घ्या, वर्तमानपत्रातले नकोत, आणि निदान तीन महिन्यांची बिलं जोडा. आकडा हजेरीचा धरायचा, पटाचा नाही. हजेरीवहीशी न जुळणारा एक आकडा सापडला, तरी समोरचा माणूस सगळ्या कागदावरचा विश्वास काढून घेतो. मुलं वाढली असतील तर रसोइयांची संख्याही मोजा: २५ मुलांपर्यंत एक, १०० पर्यंत दोन, पुढच्या प्रत्येक शंभरापर्यंत एक जादा.

निवेदन एका पानाचं, हिंदीत. खासदार-आमदार मराठी बोलत असतील तर भेटीत खुशाल मराठी बोला. सुमित्राताई महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा इथून लोकसभेत गेल्या, त्यामुळे इंदुरात तशी सवयही आहे. पण कागद पुढे भोपाळच्या फायलीत जाणार, तिथे तो हिंदीतच चालतो. वर विषय, मग मागणी एका वाक्यात, मग हिशेब, शेवटी शाळांची नावं आणि मुलांची संख्या. एका पानात एकच मागणी. कायद्याचा आधार एका ओळीत जरूर द्या: राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ५ नं शाळेतलं जेवण हा मुलाचा हक्क केला आहे, आणि २०१५ च्या नियमांप्रमाणे जेवण शिजलं नाही तर तेवढं धान्य आणि साहित्य खर्चाची रक्कम मुलाला भत्ता म्हणून द्यावी लागते. आपण उपकार मागायला आलेलो नाही, हे या ओळीनं न बोलता कळतं.

सही कोणाची, याला फार महत्त्व आहे. समूहाच्या अध्यक्ष-सचिव, रसोइया आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक यांनी सही करावी. मुख्याध्यापकांना किंवा शिक्षकांना गळ घालू नका. सेवेच्या बाबतीत बाहेरून राजकीय दबाव आणणं त्यांच्या आचरण नियमांत बसत नाही, आणि ज्या मास्तरांनी आपल्याला हजेरीचे आकडे दिले त्यांनाच नोटीस येणं कोणालाच परवडणारं नाही.

वेळ साधायची ती ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. राज्याचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चच्या अधिवेशनात येतो, पण विभागांच्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी तयार होतात. मार्चमध्ये दिलेलं निवेदन सरळ पुढच्या वर्षावर जातं.

कार्यालयात तीन-चार जणींनी जावं, मोर्चा नेऊ नये. बोलणारी एकच असावी, आणि ती रोज शिजवणारी असावी. पाच मिनिटांत आटपायचं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. आमदारांनी पत्र लिहिलं तर त्या पत्राचा क्रमांक त्यांच्या निज सहायकाकडून (पीएकडून) मागून घ्या आणि आठवडाभरानं तो घेऊन जिल्हा पंचायतीत स्वतः जा. क्रमांकाशिवाय विचारलं की "अजून आलेलं नाही" एवढंच ऐकायला मिळतं. मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याची बैठक, असते, तीही थकबाकीसाठी उपयोगी आहे. पण मंगळवारीच खीर-पुरी, म्हणून कोण जाणार आणि कोण शिजवणार हे सोमवारीच ठरवा.

आमदारांना स्वयंपाकघरात बोलावता आलं तर फारच उत्तम. वाढायच्या अर्धा तास आधीची वेळ द्या, म्हणजे शिजताना आणि खाताना दोन्ही दिसेल. त्या दिवशी पनीर किंवा जादा तूप घालू नका. रोजचंच ताट वाढा. पाहुण्यांसाठी सजवलेलं ताट बघून ते "सगळं छान चाललंय" म्हणत जातात आणि आपली मागणी तिथेच संपते. चव नोंदवही (वाढण्याआधी जेवण चाखून नोंद करायची वही), झाकलेलं पाणी, डोक्यावरची टोपी आणि गॅसची नळी मात्र नीट हवी.

खासदारांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्यात 'दिशा' समितीची, म्हणजे केंद्राच्या योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची, बैठक होते. नियमाप्रमाणे ती दर तिमाहीला व्हायला हवी. कलेक्टर आणि जिल्हा पंचायतीचे अधिकारी समोर असतात, आमदारही सदस्य असतात, आणि शाळेचं जेवण तिच्या विषयांत येतं. थकबाकीचा विषय बैठकीच्या आधी एखाद्या सदस्याच्या हाती दिलेला असला, तर उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं.

सभागृहात प्रश्न हवा असेल तर तो आपणच लिहून द्या, निज सहायकाचं काम हलकं होतं. लोकसभेसाठी किमान १५ दिवसांची पूर्वसूचना लागते. विधानसभेच्या अधिवेशनाची अधिसूचना निघाली की त्याच आठवड्यात पोचा. "रसोइयांना न्याय कधी मिळणार" असा प्रश्न विचारला की "शासन संवेदनशील आहे" असं उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा: इंदूर जिल्ह्यात विकासखंडवार (ब्लॉकनुसार) किती रसोइयांचं कोणत्या महिन्यापासूनचं मानधन बाकी आहे, कारण काय, आणि कोणत्या तारखेपर्यंत दिलं जाईल. अशा प्रश्नाला आकड्यानंच उत्तर द्यावं लागतं. आकडे आधी हवे असतील तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तेवढे दिवस आधी धरून चला.

मंत्र्यांनी सभागृहात काही कबूल केलं तर त्या उत्तराची छापील प्रत सांभाळून ठेवा. असं कबूल केलेलं काम झालं की नाही हे बघायला लोकसभेत आणि विधानसभेत आश्वासन समिती असते. लोकसभेत त्यासाठी तीन महिन्यांची मुदत धरलेली आहे. मुदत उलटली की तारीख आणि प्रश्न क्रमांक घालून पुन्हा एक पान लिहायचं, आणि ते त्याच आमदार-खासदारांच्या हाती द्यायचं.