ट्यूब अँप खरखरतो किंवा त्याचा आवाज बसतो, तेव्हा शोध कुठून सुरू करायचा

ट्यूबवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालणाऱ्या गिटार अँपच्या दुरुस्तीत नव्याने येणारे बरेच जण आधी सगळ्या ट्यूब बदलून टाकतात. माझा अनुभव सांगतो, की भाग बदलण्याआधी बिघाड कोणत्या टप्प्यात आहे हे ठरवलं तर निम्मं काम तिथेच होतं.

त्याआधी जिवाची काळजी. आतल्या फिल्टर कपॅसिटरवर (वीजपुरवठ्यातले चढउतार सपाट करणाऱ्या भागावर) ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असू शकतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकून राहतो. मल्टिमीटरने मोजा, योग्य रेझिस्टरमधून उतरवा, पुन्हा मोजा. ही सवय पक्की होईपर्यंत चॅसी (अँपचा आतला धातूचा सांगाडा) उघडू नका. बराचसा शोध बाहेरूनच लागतो. स्पीकर जोडल्याशिवाय अँप कधीही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

केबल, गिटार आणि स्पीकर बदलून पाहिलेत, तरी त्रास कायम? मग व्हॉल्यूमचा नॉब फिरवा. नॉबबरोबर खरखर कमी-जास्त झाली तर बिघाड नॉबच्या आधी, काहीच फरक पडला नाही तर नंतर. मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा, एकूण आवाजाचा नॉब) असेल तर दोन नॉब मिळून अँपचे तीन भाग पाडतात. इतकी सोपी आणि इतकी उपयोगी चाचणी दुसरी मला माहीत नाही.

पुढची पायरी प्रीअँप ट्यूबची, म्हणजे गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या छोट्या ट्यूबची. अँप बंद करून, ट्यूब गार झाल्यावर, इनपुटच्या सर्वांत जवळची ट्यूब काढा आणि पुन्हा चालू करून ऐका. खरखर तशीच असेल तर ती निर्दोष. मग पुढची काढा. जी काढल्यावर खरखर थांबते, तिच्याच टप्प्यात शोधायचं. (काही मोजक्या अँपमध्ये हीटर (ट्यूब तापवणाऱ्या तारा) एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, तिथे एक काढली की बाकीच्याही विझतात.) सगळ्या छोट्या ट्यूब काढूनही खरखर राहिली तर पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या मोठ्या ट्यूब) किंवा वीजपुरवठ्याकडे वळा. एक खात्रीची १२एएक्स७ (प्रीअँपमधली नेहमीची ट्यूब) फक्त चाचणीसाठी बाजूला ठेवा. नवी ट्यूब सदोष निघणं अजिबात दुर्मीळ नाही.

चालू अँपमधल्या ट्यूबवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. पहिली ट्यूब थोडी वाजणारच. पण ती घणघणत राहिली किंवा शिट्टी देऊ लागली, तर ती मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे धक्के आणि कंपनं मायक्रोफोनसारखी पकडू लागली आहे.

घरघर ऐकताना गिटार वाजवणाऱ्यांचा कान फार कामी येतो. ५० हर्ट्झची वीज असेल तर फिल्टर कपॅसिटर थकल्याची घरघर १०० हर्ट्झची असते, म्हणजे जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या जी स्वराच्या अगदी जवळची. हीटर किंवा अर्थिंगमधून येणारी गुणगुण बहुधा त्याच्या एक सप्तक खाली असते. ६० हर्ट्झच्या विजेवर हेच आकडे १२० आणि ६० होतात. पुश-पुल अँपमध्ये (जिथे पॉवर ट्यूब जोडीने, आळीपाळीने काम करतात) मात्र घाईने निष्कर्ष काढू नका: दोन पॉवर ट्यूबचा समतोल बिघडला तरी एरवी एकमेकांत विरून जाणारी १०० हर्ट्झची घरघर ऐकू येते.

आवाज बसण्याच्या तक्रारीत माझा पहिला संशय इफेक्ट्स लूपवर असतो, म्हणजे बाहेरचे इफेक्ट्स जोडण्यासाठीच्या सेंड आणि रिटर्न जॅकवर. रिटर्न जॅकमधल्या स्विचच्या पात्यांवर गंज चढला की सिग्नल मध्येच अडतो, आवाज कधी जातो, कधी अचानक परततो. सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी केबल लावा. आवाज भरून आला तर जॅक साफ करायचा आहे.

तसं झालं नाही तर, सुरक्षितपणे मोजता येत असेल तरच, मीटर घ्या. १२एएक्स७च्या नेहमीच्या टप्प्यात प्लेटला (ट्यूबच्या धन टोकाला) १०० किलोओहम आणि कॅथोडला (ऋण टोकाला) दीड किलोओहमचा रेझिस्टर असतो, कॅथोडवर साधारण १ ते २ व्होल्ट मिळतात. प्लेटवर पुरवठ्याइतकाच दाब (व्होल्टेज) दिसला तर ट्यूबमधून प्रवाह जात नाही. प्लेटवर काहीच नाही, पण पुरवठा आहे, तर प्लेट रेझिस्टर तुटला असण्याची शक्यता मोठी. सगळे दाब ठीक, तरी आवाज पातळ? कॅथोडचा बायपास कपॅसिटर (कॅथोड रेझिस्टरला समांतर जोडलेला) तपासा, तो निकामी झाला की गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची क्षमता, घटतो.

नॉब फिरवताना कर्रकर्र होत असेल तर लोक लगेच क्लीनर मारतात. त्याने फरक पडला नाही तर पॉटवर (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरवर) डीसी आहे का ते मोजा. असेल, तर त्याच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे जाऊ देणारा, पण डीसी अडवणारा) गळतोय आणि बदलायचा तोच आहे, पॉट नव्हे.