पुणे, नाशिक, कोल्हापूर की नागपूर? भर गावात राहायचं असेल तर शहर कसं पारखायचं

कोथरूडची माणसं अजूनही लक्ष्मी रोडला जाताना "जरा गावात जाऊन येतो" म्हणतात, नागपूरकर सीताबर्डीच्या बाजारात जाताना "बर्डीवर जातो" म्हणतात, आणि कोल्हापुरात तर नुसतं पेठेचं नाव सांगितलं की माणूस कुठला ते समोरच्याला कळतं. शहराच्या पोटातलं हे जुनं, दाट, पायी फिरता येणारं गाव, तिथे राहायला जावंसं वाटणारी माणसं हल्ली बरीच भेटतायत. कुणाचे आईबाबा रिटायर झालेत आणि लांबच्या टाउनशिपमध्ये त्यांना करमत नाहीये, कुणाचं काम घरूनच चालतं त्यामुळे ऑफिसच्या जवळ राहायचं कारणच उरलं नाही, आणि शेवटी प्रश्न एकच असतो की कुठलं शहर बघू. मी नारायण पेठेत सहा वर्षं भाड्याने काढलीत, आजोळ शिवाजी पेठेतलं, नागपूर-नाशिकला कामासाठी महिना महिना राहिलोय, त्यातून एक पद्धत बसत गेली ती लिहितो.

पहिली गोष्ट, रविवारी संध्याकाळी गाव बघायला जाऊ नका. त्या वेळी सगळीच गावं जिवंत वाटतात कारण अर्धी गर्दी बाहेरून खरेदीला आलेली असते, ती आठला गाडी काढून घरी जाते आणि तुम्ही मात्र तिथेच राहणार असता. मंगळवार-बुधवार असा साधा वार धरा आणि एकाच गल्लीत चार फेऱ्या मारा, पहाटे सहाला, दुपारी दोनला, संध्याकाळी सातला आणि रात्री दहाला.

यातली रात्री दहाची फेरी सगळ्यात महत्त्वाची. दुकानांची शटरं पडली की मान वर करून वरच्या मजल्यांकडे बघा, किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजा, खरंच मोजा, बोटावर. दिवे असतील, दांडीवर कपडे वाळत असतील, कुणाच्या तरी घरातून टीव्हीचा आवाज येत असेल तर खाली रस्त्यावर मेडिकल उघडं असतं, कट्ट्यावर दोनचार माणसं असतात, एकटी बाई सुद्धा निवांत चालत जाते. आणि वर सगळी गोडाऊनं, क्लासेस आणि ऑफिसं असतील तर दिवसा कितीही झगमगाट असू दे, साडेनऊनंतर तिथे कुत्र्यांशिवाय कुणी नसतं. दुकानं बाजार आणतात पण गाव जागं ठेवतात ती दुकानांच्या वर राहणारी माणसं, आणि मला वाटतं शहरा-शहरांची तुलना करायची तर सुरुवात इथूनच करावी, मॉल किती आणि कॅफे किती यावरून नाही.

दुसरी परीक्षा पिशवीची. एक यादी करा, दूध, भाजी, गिरणी, मेडिकल, शिंपी, चपला शिवणारा, बँक, फॅमिली डॉक्टर, झेरॉक्स, आणि बसायला एखादा बाक किंवा देवळाचा ओटा. घरातून पिशवी घेऊन निघा आणि पायी पाऊण तासात यातली किती कामं उरकतात ते बघा, आणि शक्य असेल तर आईला किंवा सासूबाईंना बरोबर घ्या, कारण फुटपाथवरून किती वेळा खाली उतरावं लागलं, कुठे दम लागला तर टेकायला जागा नव्हती, हे आपल्याला कळत नाही, त्यांच्या गुडघ्यांना कळतं.

आता शहरं घेऊ.

पुण्याच्या पेठा पिशवीच्या परीक्षेत हमखास पहिल्या येतात. सकाळी मंडईत जाऊन बघा, १८८६ सालची ती दगडी अष्टकोनी इमारत, आत उंच ओट्यावर बसलेले भाजीवाले, वरून हात खाली करून कोथिंबिरीची जुडी देतात, तिथून पाच मिनिटांत तुळशीबाग, दहा मिनिटांत अप्पा बळवंत चौकात पुस्तकं. सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली आणि कसबा पेठ, मंडई अशी स्टेशनं थेट गावाच्या पोटात आली, त्यामुळे गाडी नसली तरी चालतं हे पहिल्यांदाच खरं झालंय. पण दिव्यांची परीक्षा घेतली की पेठापेठांत फरक दिसतो. लक्ष्मी रोडवर आणि बुधवारातल्या इलेक्ट्रॉनिक्स मार्केटच्या पट्ट्यात वरचे मजले बरेचसे धंद्याकडे गेलेत. याउलट सदाशिव, नारायण, शनिवारात रात्री अकरालाही दिवे असतात, ते मुख्यतः एमपीएससी करणाऱ्या पोरापोरींचे, कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीत खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन राहणारे, अभ्यासिकेतून निघून चहाच्या गाडीवर उभे राहणारे, आणि खरं सांगतो, या पोरांनीच या पेठा जाग्या ठेवल्यात. फक्त ती दरवर्षी बदलतात, शेजार म्हणावा तसा तयार होत नाही, ज्येष्ठांसाठी घर बघत असाल तर ज्या बिल्डिंगमध्ये निदान निम्मी घरं कुटुंबांची आहेत तीच घ्या.

कोल्हापूरचं उलट आहे. तिथे नोकऱ्या कमी, मेट्रो नाही, केएमटीच्या सिटी बसची वाट बघावी लागते, पण शेजार आहे, आणि तो पिढ्यांचा आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ इथे तालीम ही गल्लीच्या दिवाणखान्यासारखी असते, तालमींचे फुटबॉल संघही असतात, सीझनमध्ये पाटाकडील आणि दिलबहार खेळत असतील तर त्या दिवशी पेठेत कुठल्याही दुकानात काय चर्चा चाललीय हे विचारायला नको. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा, म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, गवळी तिथेच धार काढतो, ग्लास हातात येतो तेव्हा वर फेस असतो आणि ग्लास कोमट लागतो, आणि शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस "कुठलं तुम्ही?" असं विचारतोच. नवीन माणसाला आपलंसं करायला पेठेला दोन महिने पुरतात असा माझा अनुभव आहे. महाद्वार रोडवर मात्र घर बघताना विचार करा, अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी आता फक्त नवरात्रापुरती राहिलेली नाही, शनिवार-रविवारी गाडी बाहेर काढणं मुश्कील होतं. दोन गल्ल्या आत सरका, फरक लगेच जाणवेल.

नागपूरला आधी ठरवा की बर्डी, महाल-इतवारी की धरमपेठ, कारण ही तीन वेगळी गावं आहेत. बर्डीवर मेट्रोच्या दोन्ही लाइन एकमेकींना मिळतात, कुठेही जायला सोपं, पण मेन रोड हा बाजार आहे, रात्री दिवे शोधावे लागतात. महाल आणि इतवारीत माणसं राहतात, जुने वाडे, सराफा, किराण्याचे ठोक व्यापारी, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा हे गाव किती जुनं आणि किती एकमेकांत गुंतलेलं आहे ते दिसतं. महाल मेट्रोच्या रेषेवर थेट नाही एवढं धरून चला. धरमपेठ म्हणजे जुन्या पेठेपेक्षा मोकळी, झाडं आहेत, संध्याकाळी खाण्यापिण्याची चहलपहल आहे आणि मागच्या गल्लीत शांत घरंही आहेत, माझं मत विचाराल तर नागपुरात कुटुंबासाठी तीच. आणि हो, नागपूरची दुपारची फेरी मे महिन्यातच करा. पारा ४५च्या वर असतो तेव्हा सावलीतून मेडिकलपर्यंत जाता येतं का, हे डिसेंबरात बघून काही कळणार नाही.

नाशिकबद्दल मला सगळ्यात जास्त जीव तुटतो. पंचवटी, रविवार कारंजा, मेन रोड, सराफ बाजार, गोदाघाट हे सगळं पायी फिरण्याच्या अंतरात, रंगपंचमीला तिवंध्यावर आणि शनी चौकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, उघडतात आणि रंगाच्या पाण्यात माणसं उड्या घेतात, असं भर गाव महाराष्ट्रात दुसरं नाही. पण पैसेवाली कुटुंबं कॉलेज रोड-गंगापूर रोडला सरकत गेली, जुन्या नाशकात बरेच वाडे रिकामे किंवा पडायला आलेले आहेत, पावसाळ्यात भिंत कोसळल्याच्या बातम्या येतात. तिथे राहायचं असेल तर वाड्यात नको, नव्याने बांधलेल्या छोट्या बिल्डिंगमध्ये घर बघा. शिवाय २०२७ला सिंहस्थ आहे, रामकुंडाजवळ घर असेल तर त्या काळात रस्ते बंद आणि गर्दीचं नियोजन गृहीत धरा.

पाण्याचं वेगळं लिहितो कारण ही गावं नदीकाठीच वसलीत. घर दाखवणारा "इथे पाणी येत नाही हो" म्हणतो, त्याच्यावर विसंबू नका, समोरच्या वाण्याला विचारा की पाणी कुठवर आलं होतं, तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. नाशकात गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती हीच मोजपट्टी आहे, पाणी त्याच्या कुठवर लागलं यावर सराफ बाजारातले लोक दुकानं आवरायला घेतात, २०१६ आणि २०१९ला तर पाणी बाजारात शिरलंच. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, २०१९ आणि २०२१ला ती ५५च्या वर गेली होती. अंबाबाईच्या आसपासचं जुनं गाव उंचावर आहे, पण दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली या बाजूला नीट चौकशी करा. २३ सप्टेंबर २०२३ला नागपुरात अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीने बर्डीचं मोर भवन बसस्टँड बुडवलं. तर नकाशावर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते बघाच, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून.

आवाजाची तयारी ठेवा. पुण्यात विसर्जन मिरवणूक २४ तासांच्या वर चालते आणि लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड या चारही रस्त्यांवर ती असते, घरात तान्हं बाळ किंवा हार्टचं दुखणं असेल तर त्या रस्त्यांना लागून घर घेऊच नका.

कागदांचं थोडक्यात. जुन्या गावठाणात सातबारा नसतो, प्रॉपर्टी कार्ड बघायचं, ते नगर भूमापनच्या ऑफिसात मिळतं, आणि त्यावर किती वारसांची नावं आहेत ते मोजा. मी एकदा वाड्यातली दोन खोल्यांची सुंदर जागा घेतली होती, माडीला लाकडी खांब, अंगणात प्राजक्त, चौथ्या महिन्यात कळलं की मालकांपैकी दोघांची कोर्टात केस चालू आहे, भाडं कुणाला द्यायचं यावरून माझ्या दारात भांडण, शेवटी सामान उचलून निघालो. पागडीची, म्हणजे एकरकमी मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घ्यायची जागा असेल तर वकील दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि शनिवारवाड्यासारख्या केंद्र सरकारच्या संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे, त्यामुळे "लवकरच रिडेव्हलपमेंट होणार" असं कुणी सांगत असेल तर आधी अंतर मोजा.

एवढं करूनही लगेच विकत घेऊ नका. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा, नोंदणी करूनच, आणि तो जूनमध्ये सुरू करा. म्हणजे पाऊस, पोळा, गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं पहिल्या पाच-सहा महिन्यांत बघून होतं, आणि एप्रिलमध्ये उन्हाळा सुरू झाल्यावर पाणी किती वेळ येतं तेही कळतं. लॉक-इन, म्हणजे जागा सोडता येणार नाही असा काळ, तीन महिन्यांपेक्षा जास्त कबूल करू नका. दर महिन्याला एकदा रात्री दहाची फेरी मारत राहा, दिव्यांचा आकडा वहीत लिहा, आणि शेजारी कोण कोण राहतं त्यांची नावं पण लिहा. करार संपत आल्यावर वही उघडाल तेव्हा त्या पानावर पंधराएक नावं असतील तर मालकाशी बोलायला घ्या.