घड्याळ घ्यावं, हँडहेल्ड की फोनच पुरे? रानात चालताना या चुका टाळा

परतवाड्याला माझं मोबाईल दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे आणि रविवारी आम्ही चार-पाच जण चिखलदऱ्याच्या अंगाला पायी भटकतो. त्यामुळे माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. काही विचारायला येतात, की भाऊ, रानात वाट दाखवणारं काय घेऊ, घड्याळ, हँडहेल्ड म्हणजे हातात धरायचं जीपीएसचं यंत्र, की फोनच पुरे? बाकीचे आधीच काहीतरी घेऊन बसलेले असतात आणि ते चालत का नाही, हे विचारायला येतात. दुसरी मंडळी जास्त, म्हणून चुकांपासूनच सुरुवात करतो.

एक गुरुजी दोन हजारांचं घड्याळ घेऊन आले. डब्यावर ठळक अक्षरात जीपीएस लिहिलेलं. तक्रार अशी, की सकाळच्या फेरीत किलोमीटर बरोबर दिसतात आणि वावरात गेलं की आकडा वेडावाकडा येतो. मी विचारलं, वावरात जाताना फोन कुठे असतो? म्हणाले, घरी चार्जिंगला. रोग तिथेच सापडला. स्वस्तातल्या बऱ्याच घड्याळांत जीपीएसची चिपच नसते. ती खिशातल्या फोनचं जीपीएस वापरतात, आणि फोन सोबत नसला की नुसत्या पावलांवरून अंतराचा अंदाज करतात. घड्याळ घेण्याआधी दुकानातच एक परीक्षा घ्या. फोन काउंटरवर ठेवा, घड्याळ घालून रस्त्याने शे-दोनशे पावलं चालून या, आणि परत आल्यावर नकाशावर तुम्ही चाललात त्या वाटेची रेघ उमटली का ते बघा. दुकानदार नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

खरं जीपीएस असलेलं घड्याळ चांगलंच असतं, पण ते कशासाठी चांगलं हे समजून घ्या. आलो त्या वाटेने परत नेण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. नवी वाट शोधायला मात्र रुपयाएवढ्या पडद्यावर नकाशा बघणं म्हणजे सुईच्या नेढ्यातून गाव बघणं. शिवाय परतीसाठी त्यात बहुधा दोन पर्याय असतात, एक आलेल्या रेघेवरून परत आणि दुसरा सुरुवातीच्या जागेकडे सरळ बाण. माझी फजिती या दुसऱ्यानेच झाली. पठारावरून उतरायचं होतं, ऊन कलत होतं, आणि बाण सांगत होता की गाडी फक्त नऊशे मीटरवर आहे. मी त्या दिशेने निघालो. वाटेत एक गायकी गुरं घेऊन बसला होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "तिकून दरी हाये ना बाप्पा. उतरसान तं खरं, चढसान कसे?" बाण खोटं बोलत नव्हता. गाडी खरंच नऊशे मीटरवर होती, मधे खोरं होतं एवढंच. वळसा घालून पोचायला दीड तास लागला. तेव्हापासून घड्याळ असो की हँडहेल्ड, निघण्यापूर्वी "आलेल्या रेघेवरून परत" हा पर्याय कुठे आहे तो बोटांना पाठ करून ठेवतो.

घड्याळाच्या दोन बारीक कटकटीही सांगून टाकतो. बॅटरी वाचवायची पद्धत चालू केली की घड्याळ दर सेकंदाऐवजी बऱ्याच वेळाने एकदा जागा नोंदवतं, मग घाटातली वळणं कापली जातात आणि बारा किलोमीटरचे दहा दिसतात. दुसरं, पॉवर बँकेला घड्याळ लावून झोपलात आणि सकाळी ते तसंच रिकामं दिसलं, तर केबलला दोष देऊ नका. घड्याळ इतका कमी करंट ओढतं की काही पॉवर बँकांना वाटतं कोणी जोडलेलंच नाही, आणि त्या बंद होतात. सोबत फोनही लावला की प्रश्न मिटतो.

फोनवाल्यांच्या चुका

इथे जरा जास्त थांबतो, कारण दहातल्या नऊ जणांना फोनच पुरतो आणि त्याच नऊ जणांना तो ऐन वेळी दगा देतो.

सगळ्यात पसरलेला गैरसमज म्हणजे रेंज नाही तर जीपीएस नाही. जीपीएस उपग्रहांवरून जागा ओळखतं, त्याचा आणि सिमचा संबंध नाही. विमान मोडवरही ते चालतं. रेंज नसताना नकाशा येत नाही, निळा ठिपका येतो, आणि कोऱ्या पडद्यावरच्या निळ्या ठिपक्याचं काय करायचं? म्हणून घरून निघण्याआधी त्या भागाचा नकाशा उतरवून घ्या. गुगल मॅप्सचा उतरवलेला नकाशा गाडीवाल्यांना वाट सांगतो, पायी चालण्याची वाट ऑफलाइन सांगत नाही. हे अनेकांना मेळघाटात सेमाडोहच्या पुढे गेल्यावर कळतं. पायवाटांसाठी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड ही अॅप बरी. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपचे, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेले नकाशे वापरतात आणि फोनमध्ये उतरवून घेता येतात.

रेंजचा एक फायदा मात्र खरा आहे. उपग्रह कुठे आहेत याची ताजी माहिती फोन नेटवरून क्षणात घेतो. नेट नसेल तर तीच माहिती थेट उपग्रहाकडून यावी लागते आणि त्याला वेळ लागतो. त्यामुळे परतवाड्यातच, रेंजमध्ये, एकदा ठिपका पक्का करून घ्या आणि मग घाट चढा. महिनोन्‌महिने बंद असलेलं हँडहेल्ड असेल तर त्याला आणखी धीर द्या. उपग्रहांची पूर्ण यादी हवेतून उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. गच्चीवर किंवा खळ्यात, मोकळ्या आभाळाखाली ठेवून चहा प्या.

दुकानात सगळ्यात जास्त येणारी तक्रार तुटक रेघेची. एक पोरगा दाखवायला आला, त्याची रेघ गावापासून धरणाच्या काठापर्यंत व्यवस्थित, तिथून पाण्यातून सरळ पलीकडे, आणि पुन्हा व्यवस्थित. पोहून गेला होतास का, विचारलं. झालं असं होतं, की पडदा बंद झाल्यावर फोनच्या बॅटरी बचतीने अॅपच मारून टाकलं. पलीकडे त्याने फोन उघडला तेव्हा अॅप जागं झालं आणि त्याने दोन टोकं जोडून दिली. सेटिंगमध्ये त्या अॅपच्या बॅटरीच्या पर्यायात जाऊन "निर्बंध नाही" करा, आणि स्थानाची परवानगी "नेहमी" द्या. मग घराभोवती एक चक्कर मारून, पडदा बंद ठेवून, रेघ येते का ते तपासा.

दिशा उलटी दाखवतो म्हणून आलेल्या फोनचं मी आधी कव्हर काढतो. पुस्तकासारख्या उघडणाऱ्या कव्हरमध्ये बंद राहण्यासाठी चुंबक असतं. गाडीत फोन चिकटवायला लावलेली लोखंडी चकती तर आणखी वाईट. कव्हर काढून फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवला, की होकायंत्र बहुतेक वेळा ताळ्यावर येतं. नाही आलं तर चालत राहा. तुम्ही चालत असता तेव्हा दिशा हालचालीवरूनही कळते, उभं राहिलं की होकायंत्राशिवाय इलाज नसतो.

आता आपल्या उन्हाचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि अॅपल स्वतः आयफोनसाठी हवेचं तापमान शून्य ते पस्तीस अंश सांगते. इतर फोनांची कथा फार वेगळी नाही. तापला की आधी पडदा मंद होतो, मग चार्जिंग थांबतं, मग फोन बंद पडतो. हे बिघाड नाहीत, फोन स्वतःला वाचवतो आहे. तरी लोक काळ्या कव्हरातला फोन छातीवरच्या खिशात ठेवून उन्हात चालतात आणि वर पॉवर बँकही लावतात. कव्हर काढा, पिशवीत दुपट्ट्याच्या घडीत ठेवा, आणि चार्जिंग सावलीत बसल्यावरच करा. बर्फाच्या पाण्याच्या बाटलीला टेकवून थंड करू नका, आत दव धरतं. त्याच्या दुरुस्तीचे पैसे मी आनंदाने घेतो, पण तुम्हाला ते परवडणार नाहीत.

पावसाळ्यात उलट त्रास. ओल्या पडद्यावर बोट चालत नाही, आणि चार्जिंगच्या तोंडात पाणी गेलं की फोन चार्जिंग नाकारतो. जाड पारदर्शक प्लास्टिकची पन्नी हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. पन्नीवरूनही बोट चालतं. आणि पावसाळ्यात नकाशाच्या वेळेवर विश्वास ठेवू नका. नकाशाला काळी माती कळत नाही. पांदण रस्त्याने तीन किलोमीटर म्हणजे पाऊण तास असं अॅप सांगतं, इथे प्रत्येक पावलाला बुटाखाली किलोभर माती चढते आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, घासून काढावी लागते. नाल्याला पाणी असेल तर तेही त्याला ठाऊक नसतं.

हँडहेल्ड कोणी घ्यावं

हँडहेल्ड रोजच्या फिरण्याला लागत नाही, असं माझं मत. गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्ससारखी यंत्रं महाग, पडदा जुन्या काळातला, टंकलेखन जिवावर येणारं. पण ज्याला दिवसभर, रोज रानातच राहायचं आहे त्याला त्याच्यासारखं दुसरं नाही. ईट्रेक्स २२एक्स दोन साध्या पेन्सिल सेलवर पंचवीसेक तास चालतं, आणि सेल गावच्या किराणा दुकानातही मिळतात. बटणं असल्याने घामेजल्या किंवा चिखलाच्या हातानेही चालतं. पडदा भर उन्हात अधिकच स्पष्ट दिसतो, फोनच्या अगदी उलट. वनहक्क कायदा २००६ खाली ग्रामसभा आपल्या जंगलाची हद्द फिरून नोंदवतात, तसलं काम याचं. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाला २००९ मध्ये मिळालेलं जंगल सुमारे १८०० हेक्टर आहे. तेवढ्या हद्दीवर फोन घेऊन फिरायचं तर पिशवीत पॉवर बँकाच भराव्या लागतील.

हँडहेल्डच्या बिघाडांपैकी निम्मे सेलचे असतात. पुन्हा चार्ज होणारे सेल टाकले आणि सेटिंगमध्ये अल्कलाइनच (म्हणजे साधे सेल) राहिलं, तर यंत्र दुपारीच बॅटरी संपल्याची बोंब मारतं. त्या सेलचा दाब मुळातच कमी, १.५ ऐवजी १.२ व्होल्ट. सेलचा प्रकार बदला. वर्षभर सेल आत ठेवून कपाटात टाकलेलं यंत्र उघडलं की स्प्रिंगवर पांढरा क्षार दिसतो. कानकाडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा, पूर्ण वाळू द्या. पुढच्या वेळी सेल काढून ठेवा.

तिन्ही यंत्रांत सारखी होणारी एक चूक आकड्यांची आहे आणि ती जीवावर बेतू शकते. चिखलदऱ्याचा अक्षांश दशांशात साधारण २१.४० आहे. तोच अंश-मिनिटांत २१ अंश २४ मिनिटं होतो. कोणी फोनवर "एकवीस चाळीस" सांगितलं आणि तुम्ही ते २१ अंश ४० मिनिटं म्हणून टाकलं, तर सोळा मिनिटांचा फरक पडतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर, म्हणजे तुम्ही उत्तरेला जवळपास ३० किलोमीटर, मध्य प्रदेशाच्या हद्दीकडे निघालात. मदत मागताना कोणता प्रकार ते आधी बोला, किंवा सरळ ठिकाणाचा दुवा पाठवा. जुन्या कागदी टोपोशीटवरून आकडे उचलत असाल तर यंत्रातला डेटमही, म्हणजे आकडे कोणत्या मोजमापाच्या पायावर धरलेत तेही बघा. त्या नकाशांचा पाया एव्हरेस्ट नावाचा, यंत्राचा डब्ल्यूजीएस ८४ नावाचा, आणि आपल्याकडे दोघांत शंभर-दीडशे मीटरचा फरक पडतो. रानात तेवढ्यात पाणवठा हुकतो.

गावाचं नाव टाकून शोधणंही फसवं. खुर्द-बुद्रुकचा घोळ आहेच, वर बोरी, कोहा, कुंड यांसारखी मेळघाटातली गावं उठून अकोट तालुक्यात वसली. नकाशात कुठलं उमटेल याचा नेम नाही. शेजारच्या दोन गावांची नावंही जुळतात का ते बघून मगच निघा.

अचूकतेबद्दल एवढंच. मोकळ्या आभाळाखाली चांगला फोन पाचेक मीटरच्या आत जागा सांगतो. उन्हाळ्यात साग पानं टाकतो तेव्हा रानातही ठीक चालतं, ऑगस्टमध्ये ओल्या पानांच्या छताखाली आणि खोल खोऱ्यात तोच फोन बराच भरकटतो. यंत्र खराब झालं म्हणून तेव्हा माझ्याकडे आणू नका. आणि पाच मीटरची चूक करणारा फोन घेऊन धुऱ्याचं भांडण सोडवायला तर मुळीच जाऊ नका. गुंठा म्हणजे साधारण दहा बाय दहा मीटर. असे दोघे भाऊ माझ्या काउंटरवर दोन फोन ठेवून भांडले आहेत. मोजणी भूमी अभिलेखवाल्यांकडूनच.

अकोल्याहून शेगावला पायी जाण्यासाठी घड्याळ सुचवा, असंही विचारतात. माणसांच्या मागे चाला, पोचता. व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय पायी शिरता येत नाही, तिथे कुठलंच यंत्र कामाचं नाही. बाकी रानात जाताना वाट आणि परतायची वेळ घरी किंवा पोलीस पाटलाला सांगून जा. अडकलात तर ११२ हा आणीबाणीचा नंबर लावून बघा. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो.

मागे एका काकांनी विचारलं, अमेरिकेतला भाचा उपग्रहावरून संदेश पाठवणारं जीपीएस आणतो म्हणतोय, रेंजची भानगडच मिटेल, सांगू का आणायला? मी दोन्ही हात जोडले. नुसतं ऐकणारं जीपीएस आपल्याकडे खुशाल वापरा, पण उपग्रह फोन किंवा उपग्रहावर संदेश पाठवणारं यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही. विमानतळावर अशी यंत्रं सापडून लोकांना पोलिसांसमोर बसावं लागलं आहे. काका थोडा वेळ गप्प बसले, मग तिथूनच भाच्याला फोन लावला आणि त्याला नऊ नंबरचे बूट आणायला सांगितले.