दीड जीबीचा पीसी आणि पाच रात्री

मामांच्या कारखान्यातला पीसी मे महिन्यात घरी आणला, तेव्हा आईने तो आधी गच्चीवर नेऊन झटकायला लावला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये टॉवेलांची बिलं काढत त्याने बारा-तेरा वर्षं घालवली होती. मी तेव्हा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ विषयात मार्क चांगले होते, पण विंडोज मारायची म्हणजे पेनड्राइव्ह लावून नेक्स्ट-नेक्स्ट करायचं, एवढीच समज. पुढच्या पाच रात्रींत ती पार उतरली. दुरुस्तीच्या किंवा डेस्कटॉप सपोर्टच्या कामात जे नव्याने पडताहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मशीन असं होतं: इंटेल जी३१ चिपसेटचा बोर्ड, पेंटियम ड्युअल कोअर प्रोसेसर, डीडीआर२ रॅमच्या ५१२ एमबीच्या दोन काड्या, ८० जीबीची हार्ड डिस्क. एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी बरोबर केली. डिस्क काढून मित्राच्या पीसीला लावली आणि मामांची सगळी बिलं कॉपी करून घेतली. ‘काही महत्त्वाचं नाही रे त्यात’ असं गिऱ्हाईक म्हणालं तरी कॉपी घ्याच. फॉरमॅट मारल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला हमखास काहीतरी आठवतं.

पहिल्या रात्री विंडोज १० मारायला घेतली. ३२ बिटच्या विंडोज १० ला कागदावर १ जीबी रॅम पुरते. कागदावरच. फाइल्स कॉपी होता होता पीसी बंद पडला. ना मेसेज, ना निळा स्क्रीन, नुसता खट्ट. पुन्हा लावला, वीसेक मिनिटांत पुन्हा खट्ट. मी पेनड्राइव्हला शिव्या घालत तीन वेळा नव्याने बनवला. पेनड्राइव्हचा काही दोष नव्हता. सकाळी प्रोसेसरवरचा पंखा काढला तर खाली हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पट्ट्यांमध्ये सुताची धूळ नमद्यासारखी घट्ट बसलेली. प्रोसेसर तापला की पीसी बंद पडत होता. मागाच्या शेडमधला पीसी आणि बाहेर सोलापूरचा मे, दुसरं काय होणार? ब्रशने साफ केलं, वाळून खडू झालेली जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारा लेप) खरवडून नवी लावली. त्यानंतर तसा बंद तो कधीच पडला नाही.

एव्हाना विंडोजचा नाद सोडून लिनक्सवर, म्हणजे फुकट मिळणाऱ्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, आलो होतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते, त्यामुळे असल्या मशीनला आता तसाही दुसरा रस्ता नाही. दुसऱ्या रात्री उबुंटू या लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करताही त्यावरूनच सिस्टीम चालते असा) लावला. एकदा ३० टक्क्यांवर एरर, एकदा ७० टक्क्यांवर. एकदा पेनड्राइव्हवरची फाइल वाचता येत नाही म्हणाला, एकदा पॅकेज खराब आहे म्हणाला, आणि एकदा सुरू होतानाच कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टीमचा गाभाच कोसळला.

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. मी एका वेळी सगळंच बदलत होतो. दुसरा पेनड्राइव्ह, दुसरी आयएसओ (सिस्टीमची डाउनलोड केलेली इन्स्टॉल फाइल), बायोसमधलं साटा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचं, सेटिंग, केबल. त्यामुळे कशाने काय झालं याचा पत्ताच लागेना. शेवटी वही घेतली. तारीख, काय बदललं, कुठे अडकलं, मेसेज जसाच्या तसा. तासाभरातच वहीने दाखवलं की एरर दर वेळी वेगळ्या जागी येतेय.

नवख्या माणसाने हे एवढं तरी डोक्यात ठेवावं. अडकण्याची जागा दर वेळी तीच असेल तर संशय आयएसओवर, पेनड्राइव्हवर, डिस्कच्या खराब सेक्टरवर किंवा इन्स्टॉलरवर घ्या. डाउनलोडचा चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा) आधी जुळवून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. जागा फिरती असेल तर आधी रॅम तपासा. इन्स्टॉल करताना शेकडो एमबीचा माल रॅममधून उलगडून डिस्कवर जातो. रॅममधला एखादा बिट कधी उलटा पडत असेल, तर रोजच्या बिलाच्या कामात कळणारही नाही, पण इथे एका बिटाने अख्खं पॅकेज नासतं. म्हणून दोष सिस्टीमचा वाटतो.

रॅम तपासणारा मेमटेस्ट प्रोग्रॅम चालवला आणि जेवायला बसलो. मामा डोकावले. “काय करायलास बे? भंगारात घाल की डबा!” मी म्हटलं, “मामा, थांबा जरा.” हात धुवून येतोय तर स्क्रीनवर एररच्या लाल ओळींची रांग. दोन्ही काड्या काढल्या, सोनेरी टोकं खोडरबराने पुसली, मग एकेक काडी त्याच स्लॉटमध्ये घालून पुन्हा तपासली. एक स्वच्छ निघाली, दुसरी पुसूनही लालच. खराब काडीवर तिथल्या तिथे मार्करने फुली मारा. मी मारली नाही, दुसऱ्या दिवशी दोन्ही सारख्या दिसणाऱ्या काड्या एकमेकींत मिसळल्या आणि तिसरी रात्र तीच तपासणी पुन्हा करण्यात गेली.

जुन्या मालाच्या दुकानातून १ जीबीची डीडीआर२ काडी आणली. डीडीआर३ ची काडीही तेवढ्याच लांबीची आणि तेवढ्याच पिनांची असते, पण तिची खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका.

आता रॅम दीड जीबी. तरी चौथ्या रात्री इन्स्टॉलर अडकला, पण या वेळी दर वेळी एकाच ठिकाणी. कन्सोलवर ‘आउट ऑफ मेमरी’. लाइव्ह पेनड्राइव्हमध्ये आधी अख्खा डेस्कटॉप रॅममध्ये उभा राहतो आणि त्याच्यावर इन्स्टॉलर चालतो. आमच्या डब्यात दोघांना मिळून जागा नव्हती. म्हणून डेबियन या दुसऱ्या लिनक्सची नेटइन्स्ट आयएसओ (छोटी, बाकीचा माल नेटवरून उतरवणारी) घेतली आणि ग्राफिकल सोडून साधा, मजकुराचा इन्स्टॉलर निवडला. (मराठी भाषा फक्त ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मिळते, इथे इंग्रजीवर भागवायचं.) तो काही तासांत निमूटपणे पूर्ण झाला. काही अडलं तर ऑल्ट आणि एफ४ दाबलं की खरा लॉग दिसतो, परत यायला ऑल्ट आणि एफ१. ‘इन्स्टॉल होत नाही’ म्हणून कोणाला विचारण्याआधी त्या लॉगमधल्या शेवटच्या चार ओळी वहीत उतरवून घ्या.

तरी शेवटी फसलोच. डेस्कटॉप निवडायच्या पानावर गनोम या जड डेस्कटॉपवर आधीच खूण असते. मी न वाचता एंटर मारला. पीसी सुरू झाला, पण मेनू उघडायला चहा होईल एवढा वेळ. पाचव्या रात्री पुन्हा पहिल्यापासून, या वेळी स्पेसबारने गनोमची खूण काढून एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप घेतला. नुसता उघडून ठेवला तर ३०० एमबीच्या आसपास रॅम खातो. झेडरॅम चालू केलं, म्हणजे रॅममधलाच काही भाग दाबून जास्त माल मावतो. २ जीबी स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) वेगळा ठेवला. ब्राउझरमध्ये दोन-तीन टॅब चालतात, पुढे श्वास लागतो. ते कोणत्याच सिस्टीमने सुटणार नाही, आजकालची पानंच जड आहेत.

प्रोसेसर ६४ बिटचा आहे की नाही हे आधी बघा. डेबियन १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलर मिळत नाही. ३२ बिटचं मशीन असेल तर डेबियन १२ किंवा अँटीएक्स हे हलकं लिनक्स बघा.

मामांचं बिलाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चाललं नाही. हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. त्यांनी शेडसाठी दुसरा पीसी घेतला आणि हा मामेबहिणीकडे गेला, मराठी टायपिंगच्या सरावाला. आठवड्याने तिचा फोन: “दादा, एकही वेबसाइट उघडेना, सगळीकडे सर्टिफिकेट चुकीचं म्हणतंय.” मी म्हटलं, कोपऱ्यातली तारीख वाच. २००७. लाइट गेली की घड्याळ मागे जात होतं, आणि तारीख चुकली की ब्राउझरला वेबसाइटचं सर्टिफिकेट चुकीचं वाटतं. बोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल तेवढा बदलायचा राहिला होता.